बालपणीचे आघात आणि मंत्रचळ : फ्रॉइडच्या एका रुग्णेतिहासाचे पुनर्वाचन

प्रस्तावना

नकोसा विचार मनात वारंवार घुसणे आणि त्यापासून सुटका व्हावी म्हणून एखादी कृती पुन्हा पुन्हा करावी लागणे, या विकाराला मराठीत ‘मंत्रचळ’ म्हटले जाते. मंत्रसाधनेत चूक झाल्यामुळे लागलेले वेड, असा या शब्दाचा जुना अर्थ होय. म्हणजेच दोष साधकाचा, ही समजूत शब्दातच दडलेली आहे. दोष कोणाचा, हा प्रश्न युरोपीय मनोविकारशास्त्राच्या इतिहासातही प्रारंभापासून दिसून येतो. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील १८९६ ते १९०९ या कालखंडाचा प्रामुख्याने विचार केला आहे.

सिद्धान्त आणि माघार

१८९६ मध्ये सिग्मंड फ्रॉइड याने उन्माद व मंत्रचळ या दोन्ही विकारांचे मूळ बालपणीच्या लैंगिक अनुभवांत असल्याचे प्रतिपादन केले. मंत्रचळातील विचार म्हणजे दडपलेल्या आत्मदोषारोपाचे बदललेले रूप, असे त्याचे म्हणणे होते. ज्या बालकृत्याबद्दल हा आत्मदोष, त्याच्याही आधी त्या मुलावर दुसऱ्या कोणीतरी केलेला अत्याचार असतो, असेही त्याने नोंदवले. व्हिएन्नातील वैद्यकीय वर्तुळाने हा विचार थंडपणे घेतला. २१ सप्टेंबर १८९७ रोजी विल्हेल्म फ्लीस या मित्राला लिहिलेल्या पत्रात फ्रॉइडने स्वतःच या सिद्धान्तावरील विश्वास उडाल्याचे कळवले. इतक्या पित्यांना दोषी मानावे लागणे, हे त्याने दिलेल्या कारणांपैकी एक होते.

एका तरुणाची कहाणी

ऑक्टोबर १९०७ मध्ये एक तरुण कायदेपदवीधर फ्रॉइडकडे आला. लष्करी सरावाच्या वेळी एका कप्तानाने त्याला उंदरांच्या साहाय्याने दिल्या जाणाऱ्या एका क्रूर शिक्षेचे वर्णन ऐकवले होते. ती शिक्षा आपल्या प्रिय स्त्रीला व वडिलांना होईल, ही कल्पना त्याचा पिच्छा सोडीना. वस्तुतः वडील केव्हाच निवर्तले होते! हा कप्तान शारीरिक शिक्षेचा पुरस्कर्ता होता, हे लक्षणीय आहे. कारण याच रुग्णाला लहानपणी, कोणाला तरी चावल्याबद्दल, वडिलांनी मारले होते. शिव्या ठाऊक नसल्याने त्या चिमुरड्याने संतापून घरातील वस्तूंची नावेच वडिलांवर फेकली. वडील चकित होऊन थांबले. त्यांनी पुन्हा कधी हात उगारला नाही; परंतु आपण त्या दिवसापासून भित्रे झालो, असे रुग्णाचे मत होते. प्रसंग त्याला स्वतःला आठवत नव्हता, आईच्या तोंडून ऐकलेला होता.

१९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुग्णेतिहासात फ्रॉइडचे लक्ष त्या मारापेक्षा मुलाच्या मनातील पितृद्वेषावर खिळलेले आहे. याहून खटकणारी गोष्ट दुसरीच. चार-पाच वर्षांच्या या मुलाशी दाईचे वर्तन अनुचित होते आणि कोणाला सांगू नकोस, अशी अटही तिने घातली होती. फ्रॉइड याकडे मुलाच्या अकाली जाग्या झालेल्या कुतूहलाचा पुरावा म्हणून पाहतो. आज भारतात २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नजरेतून हाच मजकूर वाचणारा त्यात अत्याचार पाहील. माझ्या मते, १८९६ च्या सिद्धान्ताला पुष्टी देऊ शकणारी सामग्री हाती असतानाच फ्रॉइड तिच्याजवळून निघून गेला.

पुढील वाटचाल

१९३२ मध्ये सांडोर फेरेन्त्सी याने बालकांवरील प्रत्यक्ष अत्याचारांचा मुद्दा पुन्हा मांडला. गुरूला तो रुचला नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत हेन्री केम्प व सहकाऱ्यांच्या लेखाने मारहाण झालेल्या बालकांचा प्रश्न वैद्यकाच्या ऐरणीवर आणला. अलीकडील अनेक अभ्यासांत मंत्रचळाच्या रुग्णांमध्ये बालपणीच्या छळाच्या नोंदी अधिक आढळतात. मात्र त्या बहुतांशी प्रौढांच्या स्मरणावर आधारलेल्या आहेत. जुळ्यांवरील अभ्यास आनुवंशिकतेचाही मोठा वाटा दाखवतात. शिवाय तशाच छळातून कोणाला नैराश्य येते, तर कोणाला काहीच होत नाही. त्यामुळे मंत्रचळ दिसला की आईबापांकडे बोट दाखवणे जितके चूक, तितकेच रुग्णाने सांगितलेला मार कल्पनेत जमा करणेही चूक.

तो तरुण उपचारानंतर बरा झाल्याचे फ्रॉइडने लिहिले. पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. फ्रॉइडने रोज रात्री टिपलेल्या त्याच्या बोलण्याच्या काही नोंदी मात्र उरल्या आणि १९५५ मध्ये छापल्या गेल्या. त्यांत प्रसिद्ध लेखात जवळजवळ अनुपस्थित असलेली आई पानोपानी भेटते.