खंत नाही असे कोण म्हणतो?

माउली, उतारवयात दोन तऱ्हेची माणसे भेटतात. एक म्हणतो, "महाराज, सगळे चुकलेच." दुसरा म्हणतो, "आपल्याला कशाची खंत नाही बुवा. जे केले ते केले." पहिल्याची आपल्याला कीव येते आणि दुसऱ्याचा हेवा वाटतो. दिंडीत चालताना, पारावर बसताना, लग्नाच्या पंगतीत हे दुसरे वाक्य हल्ली फार ऐकू येते. ते बोलताना आवाज मोठा होतो, आणि बोलून झाल्यावर माणूस थोडा वेळ गप्प बसतो. म्हणून विचारावेसे वाटते, केलेल्या निवडींची खंत न बाळगता माणूस खरोखर जगतो का? आणि जगला, तर ते चांगले की वाईट?

या प्रश्नाला उत्तर देणारे एक घर आपल्या जालना जिल्ह्यातच आहे. घनसावंगी तालुक्यातले जांब, ठोसरांचे घर. शके १५३० च्या, म्हणजे इ. स. १६०८ च्या रामनवमीला तिथे सूर्याजीपंत आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. पुढे जग त्याला समर्थ रामदास म्हणू लागले. आपण वारकरी, समर्थांचा संप्रदाय वेगळा, हे खरे. पण अनुताप हा विषय कोणा एका संप्रदायाचा नाही, आणि जांब तर आपल्या अंगणातले गाव आहे.

कथा आपल्याला ठाऊक आहे. वडील लवकर गेले. थोरले बंधू गंगाधरपंत संसाराला लागले. धाकट्याचे मन संसारात रमेना. आईने त्याच्याकडून वचन घेतले, की अंतरपाट धरेपर्यंत लग्नाला नाही म्हणायचे नाही. त्याने वचन पाळले. आसनगावच्या मांडवात अंतरपाट धरला गेला, भटजींनी 'सावधान' म्हटले, आणि बारा वर्षांचा नारायण बोहल्यावरून निघून गेला. पुढे नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे तप, नंतर बारा वर्षे तीर्थाटन.

कीर्तनात हा प्रसंग आला की टाळ्या पडतात. वैराग्य म्हणजे असे पाहिजे, असे श्रोते म्हणतात. पण माउली, त्या मांडवात आणखी कोण कोण होते ते पाहा. अंतरपाटाच्या पलीकडे एक लहान मुलगी उभी होती. तिच्याविषयी आपण कीर्तनात कधी बोलत नाही. तिचे आईबाप होते, वऱ्हाडी होते, शिजलेले अन्न होते. आणि राणूबाई होत्या. पती गेलेला, धाकटा मुलगा भरल्या मांडवातून नाहीसा झालेला. तो जिवंत आहे की नाही हेही कळायला मार्ग नाही. एका माणसाने योग्य वाट निवडली, म्हणून तिचा भार दुसऱ्यावर पडत नाही असे होत नाही.

आता इतिहासाच्या अंगाने एक गोष्ट सांगतो. समर्थांची म्हणून प्रसिद्ध असलेली हनुमंतस्वामींची बखर समर्थांच्या निर्याणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. भक्ताने लिहिलेले चरित्र आहे, तेव्हा गुरूचा मोठेपणा वाढवणे त्यात आलेच. असा लेखक अवघड गोष्टी गाळू शकतो. पण समर्थपरंपरेने आईचे रडणे गाळले नाही. मुलगा गेल्यावर ती माउली रडून रडून आंधळी झाली, ही गोष्ट परंपरेने जपली, पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. गुरूच्या त्यागाची किंमत कोणी भरली, हे शिष्यांनी झाकून ठेवले नाही. मला तर यातच त्या परंपरेचा खरेपणा दिसतो.

सांगतात की तीर्थाटन संपवून समर्थ नाथांच्या पैठणात आले. तिथे जांबेकडच्या एका माणसाने त्यांना ओळखले आणि आईची अवस्था सांगितली. मग पावले जांबेकडे वळली. चोवीस वर्षांनी, इ. स. १६४४ च्या सुमारास, एक जटाधारी गोसावी स्वतःच्याच दारात भिक्षेसाठी उभा राहिला. आत म्हातारी आई सुनेला म्हणाली, गोसाव्याला भिक्षा घाल. तेवढ्यात तिने आवाज ओळखला. त्यांनी आईच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि तिला दिसू लागले, असे परंपरा सांगते. ज्याचा जसा भाव, तसे त्याने घ्यावे. मला त्या कथेत चमत्काराच्या अगोदरचा क्षण मोठा वाटतो. चोवीस वर्षे तप केलेला माणूस दारात उभा राहिला, हा तो क्षण. त्याला पुढे जाता आले असते. आपण रामाचे झालो, आता कसली आई, असे म्हणता आले असते. शास्त्रानेही त्याला दोष दिला नसता.

ते घरी काही काळ राहिले, आईला कपिलमुनींनी देवहूतीला केलेला बोध सांगितला, आणि पुन्हा निघाले. पुढे कृष्णाकाठ, १६४८ साली चाफळचे राममंदिर, ते सगळे झाले. पण आईच्या अंतकाळी, १६५५ साली, ते जांबेस हजर होते, अशी परंपरा आहे.

मग समर्थांना पश्चात्ताप झाला होता का? निवडीचा नाही झाला. झाला असता तर ते पुन्हा निघाले नसते. पण आपल्या निवडीने कोणाच्या डोळ्यांचे पाणी गेले, हे त्यांनी पाहिले, आणि तिथे स्वतःच्या पायांनी गेले. माउली, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपण त्या एकत्र करतो. 'माझा निर्णय बरोबर होता' हे खरे असू शकते. त्यावरून 'मला कोणाचे काही देणे नाही' हे निघत नाही.

त्याच घरात दुसरीही एक निवड होती. गंगाधरपंत घरी राहिले, संसार केला, आईला सांभाळले. त्यांनाही श्रेष्ठ, रामीरामदास म्हणतात. 'भक्तिरहस्य' आणि 'सुलभोपाय' हे ग्रंथ त्यांचे. धाकटा जाऊ शकला, कारण थोरला राहिला. आज आपल्या अंबड-घनसावंगीकडची पोरे पुण्याला, वाळूजला कामाला जातात, कित्येक घरे ऊसतोडीला जातात. जाणाऱ्याला आईची खंत असते, राहणाऱ्याला न गेल्याची. पण एकमेकांच्या आधारावर दोघेही उभे असतात, हे त्यांनी एकमेकांना क्वचितच सांगितलेले असते.

आता समर्थांचा ग्रंथ काय सांगतो ते पाहू. दासबोधात पाचव्या दशकात माणसाच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: बद्ध, मुमुक्षु, साधक आणि सिद्ध. प्रत्येकीला एक समास दिला आहे. त्यातला मुमुक्षूचा समास सावकाश वाचा. जागा झालेला माणूस मागे पाहतो आणि एकेक गोष्ट मोजतो. भक्ती घडली नाही, दान घडले नाही, परोपकार घडला नाही, आयुष्य भलत्याच ठिकाणी खर्च झाले. म्हणजे ती खंतींची यादीच आहे. आणि हा माणूस कुठल्या पायरीवर आहे? बद्धाच्या वर आणि साधकाच्या अगोदर. करुणाष्टकांच्या तर पहिल्याच ओळीत अनुताप हा शब्द भेटतो.

यावरून मला जे वाटते ते स्पष्ट सांगतो. 'मला कशाचीच खंत नाही' असे म्हणणारा एकतर सिद्ध असतो, नाहीतर बद्ध. सिद्धाचा 'मी' उरलेला नसतो, म्हणून खंत करायला कोणी शिल्लक नसतो. बद्धाने मागे वळून पाहिलेलेच नसते. सिद्ध तर लाखात एखादा. मग पारावर हे वाक्य बोलणारे आपण बहुतेक कोण, ते ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे. खंत वाटणे हा कमीपणा नाही. जाग आल्याची ती खूण आहे.

पण तुम्ही म्हणाल, महाराज, खंतीने माणसे खचतात, त्याचे काय? प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर आपल्या संप्रदायाच्या पायाशीच आहे.

गोदाकाठच्या आपेगावचे विठ्ठलपंत. लग्न झाले, पण मन संन्यासाकडे. रुक्मिणीमातेला आळंदीला ठेवून त्यांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. पुढे गुरू तीर्थयात्रेत आळंदीला आले, नमस्कार करणाऱ्या रुक्मिणीमातेला त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि खरी हकीकत कळल्यावर शिष्याला परत संसारात धाडले. विठ्ठलपंत परतले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार रत्ने त्या घरी आली. पण संन्याशाने संसार केला म्हणून समाजाने त्यांना वाळीत टाकले. शेवटी धर्मपीठाने देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि त्या पतिपत्नींनी प्रयागला जलसमाधी घेतली.

यात चूक कोणती होती, सांगा. संन्यास घेणे, की परत येणे? त्या काळच्या शास्त्र्यांना परत येणे ही चूक वाटली. आपण वारकरी त्याच परत येण्याच्या पोटी जन्मलेल्या लेकराला माउली म्हणतो. माणूस आपल्या निवडीचा निकाल आपल्या हयातीत लावू शकत नाही, याहून मोठा दाखला मला दुसरा ठाऊक नाही. देहान्ताने त्या लेकरांचे काय भले झाले? आईबाप गेले तरी बोलणी चुकली नाहीत. त्यांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावेच लागले.

पुढे लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानदेवांनी स्वतःला झोपडीत कोंडून घेतले, ताटी लावली. तेव्हा धाकटी मुक्ताई दाराशी बसली आणि तिने भावाला बाहेर बोलावले. तेच ताटीचे अभंग. आईबापांच्या दुःखाला समाजाने दिलेले उत्तर एक होते, आणि त्याच घरातल्या लेकीने दिलेले उत्तर दुसरे होते. आपण लेकीचे उत्तर घ्यायचे. त्याच मुक्ताईची पालखी दर आषाढीला आपल्या जालना-अंबडच्या वाटेने पंढरीला जाते. दर्शन घेताना ही गोष्ट आठवावी.

आपल्या मराठवाड्याला याची फार गरज आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. विकतच्या टँकरने झाडे जगवायचा यत्न झाला, आणि शेवटी कित्येकांनी लेकरासारख्या वाढवलेल्या झाडांवर स्वतःच्या हाताने कुऱ्हाड घातली. तेव्हापासून किती तरी घरांत एकच बोलणे ऐकले, "बाग लावली तीच चूक." अरे बाबा, लावली तेव्हा विहिरीला पाणी होते, भाव होता, चार जाणत्यांना विचारून लावली होती. पाऊस पुढे काय करणार हे तुला कोणी सांगितले होते? त्या वेळी जे कळत होते तेवढ्यावरच त्या कर्माचा न्याय करावा. आज कळते ते कालच्या माणसाच्या माथी मारू नये. अशी खंत एकट्याने कोंडून ठेवली की ती जिवावर उठते, हे आपण गावोगाव पाहिले आहे. शेजारी असा कोणी ताटी लावून बसलेला दिसला, तर दाराशी जाऊन बसावे. उपदेश नंतर. आधी त्याला बाहेर बोलवावे, दोन घास आपल्यासमोर खाऊ घालावेत.

म्हणून माझ्या मते खंतीचे दोन भाग करावेत. जिथे फक्त आपले नुकसान झाले, पैसा गेला, बाग गेली, नोकरी हुकली, तिथे ती हुरहूर आहे. ती विठोबाच्या पायाशी ठेवावी आणि मोकळे व्हावे. देहूच्या तुकोबांनी दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे महिपती सांगतात. जे वसूल व्हायचे नाही, त्याचे कागद किती दिवस उशाला घ्यायचे? पण जिथे आपल्यामुळे दुसऱ्याचे डोळे भिजले, तिथे तो अनुताप आहे. तो नुसता देवापाशी ठेवून भागत नाही. तिथे जांबेची वाट धरावी लागते. भाऊ असेल, सून असेल, सोडून दिलेली म्हातारी असेल, त्या दारात जाऊन उभे राहावे लागते. आत आवाज ओळखणारे कोणी आहे तोवर जावे. ते माणूसच उरले नसेल, तर त्याच्या मागे राहिलेल्यांपाशी जावे.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात माउलींनी अनुतापाला तीर्थ म्हटले आहे. कितीही दुराचारी असो, त्या तीर्थात न्हाला की तो देवाच्या आत आला, असा तिथला भाव आहे. शब्द कसा निवडला आहे पाहा. तीर्थाला जावेच लागते. न जाता 'मी शुद्धच आहे' म्हणणारा कोरडा राहतो. पण तीर्थात बुडी मारून बाहेर यायचे असते, पाण्यातच मुक्काम करायचा नसतो. चंद्रभागेत स्नान झाले की आपण काठावर थांबत नाही. ओल्या अंगानेच महाद्वाराकडे चालू लागतो.

रामकृष्ण हरि.