गटाबाहेरचे सामने

खेळाचा इतिहास सांगणारा बहुधा विजेत्यांची यादी सांगतो. कोणीं कोणाला हरविलें, किती गुणांनीं हरविलें, ढाल कोणाच्या घरीं गेली, एवढ्यावर त्याचें समाधान होतें. परंतु तो सामना मुळांत ठरविला कोणीं, कोठें, आणि कोणाच्या लाभासाठीं, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. श्रोतेहो, अमेरिकेंतील विद्यापीठांच्या बास्केटबॉलसंबंधानें आज हाच प्रश्न आपणांपुढें मांडावयाचा आहे.

जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें १८९१ च्या डिसेंबरांत स्प्रिंगफील्ड येथें व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ काढला, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. पुढें तो विद्यापीठांत पसरला व शेजारपाजारच्या विद्यापीठांचे गट बनले. गटांतील विद्यापीठांनीं परस्परांशीं खेळलेंच पाहिजे, असा नेम पडला. हे सामने मुख्यतः नववर्षानंतर होतात. तत्पूर्वीं, नोव्हेंबर-डिसेंबरांत, जो तो आपल्या पसंतीचा प्रतिपक्षी शोधतो. कोणी कीर्तीसाठीं बलाढ्याला आव्हान देतो. कोणी सोपा विजय पदरीं पडावा म्हणून दुबळ्याला रोख रक्कम मोजून आपल्या घरीं बोलावतो. शाळाशाळांचे सामने ठरविण्याचीं पत्रें मीं स्वतः पुष्कळ वर्षें लिहिलीं आहेत, त्यामुळें ह्या खटपटीविषयीं मला थोडी आपुलकी आहे. गटांतील सामना नियमानें येतो. गटाबाहेरचा सामना मात्र कोणाच्या तरी इच्छेनें येतो. ती इच्छा कोणाची, यावर सारें अवलंबून असतें.

प्रथम ती एका वार्ताहराची होती. नेड आयरिश हा न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रांत खेळांच्या बातम्या लिहीत असे. विद्यापीठांच्या चिंचोळ्या व्यायामशाळांत लोकांना उभें राहावयासही जागा पुरत नाहीं, हें पाहून त्यानें मॅडिसन स्क्वेअर गार्डन हें भव्य सभागृह भाड्यानें घेतलें, आणि २९ डिसेंबर १९३४ रोजीं एकाच तिकिटांत दोन सामने लावले. सोळा हजारांवर प्रेक्षक लोटले. दोन वर्षांनीं, ३० डिसेंबर १९३६ रोजीं, पश्चिम किनाऱ्यावरील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा संघ तेथें खेळावयास आला. प्रतिपक्ष होता लागोपाठ त्रेचाळीस सामने जिंकलेल्या लाँग आयलंड विद्यापीठाचा. पूर्वेकडे त्या काळीं दोन्ही हातांनीं, पाय रोवून चेंडू टाकण्याची रीत होती. स्टॅनफर्डचा हँक लुइसेटी धांवतां धांवतां एकाच हातानें टाकी. स्टॅनफर्डनें ४५–३१ असा विजय मिळविला, आणि एका हातानें चेंडू टाकण्याची ती तऱ्हा सर्वत्र मान्य झाली. हे दोन संघ एका गटांतले नव्हते. कोणीं मुद्दाम ही गांठ घातली नसती, तर पूर्वेच्या मुलांना ती कला पाहावयास आणखी किती वर्षें लागलीं असतीं कोण जाणे!

परंतु जेथें सोळा हजार प्रेक्षक, तेथें जुगारीही आलेच. त्यांनीं एक युक्ति रूढ केली होती. पैज जयापजयावर नव्हे, तर गुणांच्या अंतरावर लावावयाची. अमुक संघ दहा गुणांहून अधिक फरकानें जिंकेल कीं नाहीं, एवढाच प्रश्न. त्यामुळें खेळाडूस हरण्याचें पाप करावें लागत नसे. आठ गुणांनीं जिंकावें, टाळ्या घ्याव्यात, आणि रात्रीं पाकीटही घ्यावें. मोहाची ही वाट फार निसरडी होती. १९५० सालीं न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजनें राष्ट्रांतील दोन्ही प्रमुख स्पर्धा एकाच वर्षीं जिंकल्या, आणि १९५१ सालीं त्याच संघांतील खेळाडूंना अटक झाली. लाँग आयलंडचे खेळाडूही त्यांत होते.

दक्षिणेच्या लोकांनीं तेव्हां हा मोठ्या शहराचा दोष मानला. आतां नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील रॅले ह्या गांवची हकीकत ऐका. तेथील स्टेट कॉलेजचे प्रशिक्षक एव्हरेट केस यांनीं १९४९ सालीं 'डिक्सी क्लासिक' नांवाची स्पर्धा आरंभिली. नाताळानंतरचे तीन दिवस. चार यजमान विद्यापीठें आणि चार पाहुणीं. रेनॉल्ड्स कोलिझियम नांवाचें बारा हजार आसनांचें सभागृह भरून जाई. बारा वर्षें स्पर्धा चालली, पण पाहुण्यांपैकीं एकालाही ती कधीं जिंकतां आली नाहीं. १९५८ सालीं सिनसिनाटीचा ऑस्कर रॉबर्टसन हा कृष्णवर्णी खेळाडू, त्या काळच्या सर्वोत्तमांपैकीं एक, तेथें आला. यजमानांच्या गटांतील एकाही संघांत तोंवर कृष्णवर्णी खेळाडू नव्हता. प्रेक्षकांनीं त्याला वर्णावरून शिव्या दिल्या, आणि त्याचा खेळही डोळे विस्फारून पाहिला. गटांतल्या गटांत खेळणाऱ्यांना जें दृश्य दिसलें नसतें, तें ह्या स्पर्धेनें त्यांच्या दारांत आणून उभें केलें.

मग १९६१ साल उजाडलें. जुगाऱ्यांचे हात रॅलेपर्यंतही पोंचल्याचें उघड झालें. नॉर्थ कॅरोलायनाच्या संयुक्त विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम फ्रायडे यांनीं डिक्सी क्लासिक कायमचें बंद केलें. इतकेंच नव्हे, तर आपल्या अधिकाराखालील दोन संघांना त्यांनीं गटांतील चौदा सामन्यांखेरीज बाहेरचे केवळ दोनच सामने खेळण्याची मुभा ठेवली. लोक संतापले. दोन-चार मुलांच्या अपराधासाठीं साऱ्या प्रांताचा उत्सव कां बुडवावा, असा त्यांचा सवाल होता, आणि तो अगदींच गैरवाजवी होता असें मला म्हणवत नाहीं. तरी शाळेंत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याचा कौल फ्रायडे यांच्याच बाजूस पडतो. विद्यार्थ्याचें रक्षण करणें हें विद्यापीठाचें पहिलें काम. करमणूक करणारे दुसरे पुष्कळ असतात. त्याच वर्षीं डीन स्मिथ नांवाचा तीस वर्षांचा तरुण त्यांपैकीं एका संघाचा प्रशिक्षक झाला. पहिल्या हंगामांत त्याचे विजय आठ आणि पराभव नऊ. पुढें १९९७ पर्यंत त्यानें ८७९ विजय मिळविले.

फ्रायडे यांनीं एक दार लावलें, पण दुसरीं उघडीं होतीं. २० जानेवारी १९६८ रोजीं ह्यूस्टन येथें ५२,६९३ प्रेक्षकांसमोर ह्यूस्टन विद्यापीठानें लॉस एंजेलिसच्या संघावर ७१–६९ असा विजय मिळविला. सामना गटाबाहेरचा होता, आणि तो देशभर दूरचित्रवाणीवर दाखविला गेला. तेव्हांपासून आयरिशसारख्या ठेकेदाराची जागा दूरचित्रवाणीनें घेतली. पुढें हंगामांतील सामन्यांच्या संख्येस मर्यादा होती, तरी मुख्य भूमीबाहेर, म्हणजे अलास्कांत वा हवाईंत, खेळलेले सामने त्या मोजणींत धरीत नसत. ही पळवाट हेरून १९७८ सालीं अलास्कांतील अँकरेज येथें स्पर्धा सुरू झाली. ती २०१७ पर्यंत चालली.

हवाईची गोष्ट मात्र निराळीच. १९८२ सालचा डिसेंबर. सर्वोच्च क्रमांकाचा व तोंवर अजिंक्य असलेला व्हर्जिनियाचा संघ जपानहून परततांना होनोलुलूस उतरला. त्यांत सात फूट चार इंच उंचीचा राल्फ सॅम्पसन होता. वाटेंत एक सोपा सामना म्हणून चॅमिनेड ह्या स्थानिक कॉलेजशीं गांठ ठरली. तेथें विद्यार्थी हजारांहूनही कमी. २३ डिसेंबरला चॅमिनेडनें ७७–७२ असा सामना जिंकला! सामना दूरचित्रवाणीवर नव्हता, आणि वेळेंतील अंतरामुळें पूर्वेकडे मध्यरात्र केव्हांच उलटली होती. सकाळीं ज्यांनीं निकाल ऐकला, त्यांतील अनेकांना तो तारेंतील चूक वाटला.

ह्याच विजयाच्या कीर्तीवर १९८४ पासून माऊई बेटावरील लाहायना गांवीं चॅमिनेडच्या यजमानपणाखालीं स्पर्धा भरूं लागली. अवघ्या चोवीसशे आसनांच्या सभागृहांत देशांतील बलाढ्य संघ दर नोव्हेंबरांत येऊं लागले. २०२३ च्या ऑगस्टांत आगीनें लाहायना जळून गेलें, तेव्हां त्या वर्षीं स्पर्धा होनोलुलूस हलवावी लागली. २०२४ सालीं ती पुनः लाहायनास आली. यजमान चॅमिनेडला मात्र २०१८ पासून तींत एक वर्षाआडच खेळावयास मिळतें. मधल्या वर्षीं त्याची जागा दुसऱ्या मोठ्या विद्यापीठास दिली जाते.