प्रिंट सर्व्हरची निवड आणि प्रिंटरची भाषा

सरकारी कार्यालयात प्रिंट सर्व्हर घेण्याचा प्रस्ताव तयार होतो तेव्हा टिपणीत दोन प्रश्नांची चर्चा असते : यंत्र किती क्षमतेचे घ्यावे, आणि त्यावर विंडोज असावी की लिनक्स. आपल्याकडचे प्रिंटर कोणती भाषा समजतात, हा तिसरा प्रश्न टिपणीत क्वचितच येतो. वास्तविक पहिल्या दोहोंची उत्तरे या तिसऱ्यावर अवलंबून असतात. कार्यालयीन छपाईचा गेल्या चार दशकांचा इतिहास हेच सांगतो.

प्रिंट सर्व्हरचे मूळ काम साधे आहे. अनेकांनी पाठवलेले कागद रांगेत लावायचे आणि प्रिंटर मोकळा झाला की एकेक पुढे सोडायचा. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये ही सोय होती. तिचे नियम 1990 मध्ये आरएफसी 1179 या दस्तऐवजात नोंदवले गेले. नॉव्हेलच्या नेटवेअरने 1980 च्या दशकात कार्यालयांत जम बसवला, तोही डिस्क आणि प्रिंटर अनेकांत वाटून देण्याच्या सोयीवर. त्या काळची यंत्रे आजच्या साध्या मोबाइलपेक्षा दुबळी होती, तरी रांग सांभाळत होती.

अडचण आली ती रांगेच्या टोकाशी, म्हणजे प्रिंटरशी बोलण्यात. 1980 च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर मिळाला. कागद अडकला की काम पाठवणाऱ्यांना सूचना जावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या प्रणालीत केली होती. नव्या प्रिंटरच्या प्रणालीचा मूळ संकेत त्यांना मिळाला नाही आणि ती सोय बंद पडली. 1983 मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. त्यामागच्या अनुभवांत हा प्रसंग ते आवर्जून सांगत आले आहेत.

1984 मध्ये एचपीचा लेझरजेट आला, त्याची भाषा पीसीएल. त्याच वर्षी अडोबीची पोस्टस्क्रिप्ट आली. या भाषांचे नियम छापील स्वरूपात उपलब्ध असल्याने कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमला त्या प्रिंटरांशी बोलता येई. पुढे 1990 च्या दशकात निराळ्या जातीचे प्रिंटर बाजारात आले. पानाची आखणी करण्याचे काम त्यांनी संगणकावर ढकलले. प्रिंटर स्वस्त झाला, पण कंपनीच्या ड्रायव्हरवाचून मुका. आणि तो ड्रायव्हर बहुधा विंडोजपुरताच असे. सर्वांत कमी दराच्या निविदेत असाच प्रिंटर बसतो. ज्या दिवशी तो खरेदी होतो त्या दिवशी सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिमही ठरून जाते, मात्र त्या निर्णयावर कोणाचीच स्वाक्षरी नसते.

भारतात याला लिपीचाही पदर होता. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आपल्या कार्यालयांत रुळला, कारण कार्बन लावला की एकाच वेळी अनेक प्रती निघत. पण भारतीय अक्षर त्याला ठिपक्यांचे चित्र म्हणून पाठवावे लागे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकने वाढवले. संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डामुळे इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रणालींतही भारतीय लिप्यांत काम होऊ लागले. 1991 मध्ये इस्की हे राष्ट्रीय मानक आले. आज मजकूर युनिकोडमध्ये असतो. फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ पाठवली तर जोडाक्षरे सुरक्षित राहतात.

हे सारे केवळ तांत्रिक वाटत असेल तर कर्नाटकातील भूमी प्रकल्पाकडे पाहावे. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तेथील 177 तालुक्यांतले सुमारे 2 कोटी भूमिअभिलेख संगणकावर आले. शेतकऱ्याला 15 रुपयांत तालुका कचेरीतून ‘पहाणी’, म्हणजे आपल्या सातबाऱ्यासारखा उतारा, छापून मिळू लागला आणि हस्तलिखित उतारे अमान्य ठरले. लेखणीचा पर्याय असा मिटल्यावर प्रिंटर बंद म्हणजे कचेरी बंद. पीककर्जासाठी उतारा हवा असलेला माणूस दिवसाची मजुरी बुडवून खिडकीशी येतो. ड्रायव्हर मिळत नाही हे कारण त्याला सांगता येत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमचा निर्णय याच कसोटीवर व्हावा. विंडोज सर्व्हरसाठी प्रत्येक वापरकर्त्याचा वा यंत्राचा परवाना लागतो, आणि डेस्कटॉप विंडोज 10 वर छपाईसाठी 20 यंत्रांचीच मुभा होती. लिनक्सवर कप्स ही प्रणाली 1999 पासून उपलब्ध आहे. अ‍ॅपलही तीच वापरते. सी-डॅकची बॉस ही लिनक्स आवृत्ती 2007 मध्ये आली. भारत सरकारच्या 2015 च्या धोरणाने खरेदीत मुक्त स्रोत प्रणालींना प्राधान्य दिले आणि त्या वगळल्यास कारण देणे आवश्यक केले. सुरक्षिततेत मात्र कोणीही निर्धास्त राहू नये. 2021 मध्ये विंडोजच्या छपाई सेवेत ‘प्रिंटनाइटमेअर’ हा गंभीर दोष सापडला, तर 2024 मध्ये कप्सच्या घटकांतही दोष उघड झाले. जी प्रणाली वेळच्या वेळी अद्ययावत ठेवणारा माणूस कार्यालयात किंवा जिल्ह्यात आहे, ती घ्यावी.

यंत्राबाबत फार विचार करण्याचे कारण नाही. मध्यम क्षमतेचा संगणक, रांगेतल्या फाइलींपुरती डिस्क, तारेची जोडणी आणि यूपीएस एवढे बहुतेक कार्यालयांना पुरते. वाचलेला पैसा प्रिंटरवर खर्चावा. प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट, पीसीएल किंवा ड्रायव्हरविना चालणारी आयपीपी छपाई समजणारा असावा, ही एक अट निविदेत घातली तर दर थोडा चढेल. पण पाच वर्षांनी सर्व्हर बदलण्याची वेळ येईल तेव्हा त्या खुर्चीवरच्या अधिकाऱ्याला विंडोज की लिनक्स हे स्वतः ठरवता येईल.