भाषेचा कायदा आणि भाषेचा शिक्षक

भाषेविषयीं कायदा करणें ही गोष्ट राज्यकर्त्यांस फारशी कठीण वाटत नाहीं. एखाद्या अधिवेशनांत चार दिवस वादविवाद होतो, मतें मोजलीं जातात, आणि कालपर्यंत जी भाषा घराच्या कोपऱ्यांत होती ती आज राजभाषेच्या आसनावर बसते. परंतु त्या कायद्याचा अर्थ दहा वर्षांच्या मुलास वर्गांत समजावून देणारा जो माणूस, तो अधिवेशनांत निर्माण होत नाहीं. त्याला घडविण्यास वर्षानुवर्षें लागतात, आणि दुर्लक्ष झाल्यास तो एका वर्षांत निघून जातो. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांस फ्रेंच शिकविण्याचा जो उद्योग कॅनडा देशांत चालला आहे, त्याच्या इतिहासांत हें सत्य फार स्पष्टपणें दिसून येतें. म्हणून तो इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सन २०२१ च्या खानेसुमारीप्रमाणें कॅनडाची लोकसंख्या सुमारें तीन कोटि सत्तर लाख होती, व तींतील सुमारें एक पंचमांश लोकांची मातृभाषा फ्रेंच होती. हे लोक मुख्यतः क्वेबेक प्रांतांत एकवटलेले आहेत. इतर प्रांतांत त्यांची वस्ती विरळ आहे. सन १८६७ च्या घटनेनें मध्यवर्ती पार्लमेंटांत दोन्ही भाषांस स्थान दिलें, पण शिक्षण हें खातें संपूर्णपणें प्रांतांच्या हातीं सोंपविलें. पुढील सर्व घोटाळ्याचें बीज येथें आहे. देशाची भाषा ठरविणारा एक, आणि ती शिकविणाऱ्याची नेमणूक करणारा दुसरा, अशी ही व्यवस्था झाली.

प्रांतांनीं या अधिकाराचा उपयोग प्रथम फ्रेंचच्या विरुद्ध केला. मॅनिटोबा प्रांतानें १८९० सालीं कॅथलिक शाळांचा सरकारी आधार काढून घेतला. पुढें तडजोड होऊन द्विभाषी शाळांस जी सवलत मिळाली होती तीहि १९१६ सालीं रद्द झाली. ऑन्टेरिओ प्रांतानें १९१२ सालीं 'सतरावा नियम' या नांवानें प्रसिद्ध असलेला हुकूम काढून फ्रेंच माध्यमाचें शिक्षण पहिल्या दोन इयत्तांपुरतें मर्यादित केलें. या हुकुमापूर्वीं मर्चंट नांवाच्या अधिकाऱ्यानें द्विभाषी शाळांची जी चौकशी केली, तिच्यांत तेथील पुष्कळ शिक्षक पुरेसे शिकलेले नाहींत असें आढळून आलें होतें. दोष खरा होता. परंतु शिक्षक अपुरे शिकलेले आहेत तर त्यांस शिकवावें, हा सरळ मार्ग सोडून सरकारनें भाषेवरच हात टाकला. रोग्याचें औषध महाग म्हणून रोग्यासच घराबाहेर काढावें, तसा हा न्याय झाला.

त्या काळांतील ओटावा शहरच्या गीग शाळेची हकीकत सांगण्यासारखी आहे. बेआत्रिस आणि दियान देलोज या दोन बहिणी तेथें शिक्षिका होत्या. नियम पाळीत नाहींत म्हणून त्यांस शाळेंतून दूर करण्यांत आलें, तेव्हां त्यांनीं अन्यत्र जागा मिळवून मुलांस शिकविणें चालूच ठेविलें. पुढें १९१६ च्या जानेवारींत मुलांच्या मातांनीं शाळेचा ताबा घेतला, आणि टोपीला खोंचण्याच्या लांब टांचण्या व स्वयंपाकघरांतील आयुधें हातीं घेऊन दारावर पहारा केला. त्या मातांस नियमाच्या कलमांशीं कर्तव्य नव्हतें; आपली शिक्षिका कोठें आहे एवढेंच त्यांस पाहावयाचें होतें. अखेर १९२७ सालीं सरकारनें तो नियम बाजूस ठेविला, आणि ओटावा येथील विश्वविद्यालयानें फ्रेंच शिक्षकांसाठीं चालविलेल्या अध्यापनशाळेस मान्यता दिली. पंधरा वर्षांच्या भांडणानंतर जें करावें लागलें तें आरंभींच करितां आलें असतें.

हा झाला फ्रेंच मातृभाषा असलेल्या मुलांचा भाग. इंग्रजी मुलांस फ्रेंच हा विषय शाळेंत असे; पण तो शिकविण्याची रीत आमच्या पिढीनें संस्कृत ज्या रीतीनें शिकलें तीच होती. क्रियापदांचीं रूपें घोकावींत, उताऱ्याचें भाषांतर करावें, परीक्षा द्यावी, आणि बाहेर पडल्यावर रस्त्यावरील फ्रेंच माणसाशीं एक वाक्यहि बोलतां येऊं नये. क्वेबेकमध्यें तर याहून विचित्र स्थिति होती. तेथील शाळा भाषेप्रमाणें नव्हे, तर धर्माप्रमाणें विभागलेल्या होत्या. इंग्रजी मुलें बहुधा प्रॉटेस्टंट शाळांत जात, आणि फ्रेंच लोक बहुतेक सर्व कॅथलिक. त्यामुळें प्रॉटेस्टंट मंडळें त्यांस शिक्षक म्हणून घेत नसत. सभोंवतीं लाखों फ्रेंच माणसें वावरत असतां इंग्रजी मुलांस फ्रेंच शिकवीत होते ते बहुशः इंग्रजी मातृभाषेचेच शिक्षक! विहिरीच्या कांठीं बसून तहानेनें व्याकुळ व्हावें असाच हा प्रकार होता.

ही कोंडी फोडली ती सरकारनें नव्हे, कांहीं पालकांनीं. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट या उपनगरांतील इंग्रजी कुटुंबें १९६३ सालीं एकत्र जमूं लागलीं. क्वेबेकमध्यें फ्रेंच समाज जागा होत होता, आणि आपलीं मुलें या प्रांतांत परकीं ठरतील अशी काळजी या आईबापांस वाटत होती. मॅक्‌गिल विश्वविद्यालयांतील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट यांनीं एलिझाबेथ पील यांच्यासह १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दोन भाषा जाणणारीं मुलें बुद्धीच्या कसोट्यांत मागें पडत नाहींत, उलट पुढेंच असतात, असें दाखविलें होतें. त्याचा या पालकांस मोठा आधार मिळाला. शाळा-मंडळाची नाखुषी असतांहि १९६५ च्या सप्टेंबरांत बालवर्गाचा प्रयोग सुरू झाला. मुलें इंग्रजी, आणि शिक्षिका त्यांच्याशीं आरंभापासून बोलणार फ्रेंच! या रीतीस तिकडे 'इमर्शन' म्हणतात; आपण तिला निमज्जन-पद्धति म्हणूं. पोहणें शिकावयाचें तर पाण्यांत उतरावें, हें तिचें तत्त्व. लॅम्बर्ट आणि टकर यांनीं या मुलांची वर्षानुवर्षें परीक्षा घेऊन १९७२ सालीं निष्कर्ष ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. मुलांची इंग्रजी बिघडली नाहीं, गणितांत तीं मागें राहिलीं नाहींत, आणि त्यांचें फ्रेंच इतर इंग्रजी मुलांच्या मानानें कितीतरी पुढें गेलें.

याच सुमारास मध्यवर्ती सरकारहि हललें. १९६३ सालीं द्विभाषिकतेच्या प्रश्नावर शाही आयोग नेमला गेला. १९६९ सालीं राजभाषांचा कायदा झाला. आणि १९७० पासून भाषाशिक्षणासाठीं प्रांतांस पैसा मिळूं लागला. उन्हाळ्यांत दुसरी भाषा शिकण्यास जाणाऱ्या तरुणांस शिष्यवृत्त्या देण्यांत आल्या, आणि १९७३ पासून शिक्षकाच्या हाताखालीं भाषा-साहाय्यक म्हणून विद्यार्थी पाठविण्याची योजना निघाली. आमच्या मतें या सर्वांत दूरदृष्टीची योजना हीच होय. कारण साहाय्यक म्हणून वर्गांत पाऊल टाकलेल्या तरुणास शिक्षक होण्याची गोडी तेथेंच लागते.

परंतु मागणी पुरवठ्याच्या पुढें धांवूं लागली. १९७७ सालीं पालकांची देशव्यापी संस्था स्थापन झाली, आणि निमज्जनाचे वर्ग प्रांताप्रांतांत पसरले. आज क्वेबेकबाहेर चार लाखांहून अधिक मुलें या पद्धतीनें शिकत आहेत. अशा वर्गाच्या शिक्षकास तीन विद्या एकदम लागतात. त्याचें फ्रेंच अस्खलित पाहिजे. गणित, इतिहास, सृष्टिज्ञान हे विषय त्यास आले पाहिजेत. आणि ज्या मुलास शिकविण्याची भाषाच येत नाहीं त्यास विषय कसा शिकवावा, ही तिसरी कला साधली पाहिजे. पहिल्या पिढीच्या शिक्षकांस पुस्तकेंहि तयार मिळालीं नाहींत. फ्रान्स अथवा क्वेबेकमधील पुस्तकें फ्रेंच मुलांसाठीं लिहिलेलीं, म्हणून तीं या मुलांस जड. आणि प्रांताचीं पुस्तकें इंग्रजींत. तेव्हां रात्रीं बसून पाठ स्वतः लिहावा आणि सकाळीं तो शिकवावा, असा क्रम चाले. त्यांतच इंग्रजी माध्यमाच्या शिक्षकांचा मत्सर. शाळांतील एकंदर मुलें घटत असतां फ्रेंचचे वर्ग वाढूं लागले, तेव्हां आपली जागा जाते कीं काय, ही त्यांची भीति अगदींच निराधार नव्हती.

पुढें १९८२ च्या हक्कनाम्यानें क्वेबेकबाहेरील फ्रेंच अल्पसंख्याकांस स्वतःच्या भाषेंतील शाळांचा हक्क दिला. हा न्याय उशिरानें झाला, पण योग्य झाला. मात्र त्यामुळें एकाच विहिरीवर तीन दोर पडले. फ्रेंच लोकांच्या शाळा, निमज्जनाचे वर्ग, आणि इंग्रजी शाळांतील साधा फ्रेंच विषय, या तिहींसही शिक्षक पाहिजे तो एकाच लहानशा समुदायांतून.

या तिघांत सर्वांत हीन दशा कोणाची असेल, तर फ्रेंच हा साधा विषय शिकविणाऱ्याची. ऑन्टेरिओमध्यें चौथीपासून आठवीपर्यंत हा विषय प्रत्येक मुलास सक्तीचा आहे, म्हणजे देशांतील बहुसंख्य मुलांस फ्रेंच भेटतें तें याच शिक्षकाच्या मुखानें. पण पुष्कळ शाळांत त्यास स्वतःची खोली नसते. पुस्तकें, चित्रें, वह्या एका ढकलगाडीवर रचून तो तासातासाला या वर्गांतून त्या वर्गांत हिंडतो. मुख्य शिक्षकास तयारीसाठीं जी सुटी द्यावयाची, ती भरून काढण्याचें साधन म्हणून याच्या तासाकडे पाहिलें जातें. मुलें हें सर्व पाहतात, आणि ज्या विषयाच्या गुरूस बसावयास जागा नाहीं तो विषय महत्त्वाचा नव्हे, हें अनुमान बिनचूक काढतात. अशा शिक्षकास साधा इंग्रजी वर्ग मिळण्याची संधि आली म्हणजे तो फ्रेंच सोडून तिकडे जातो. सन २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणींत फ्रेंचच्या शिक्षकांपैकीं शेंकडा चाळीसच्या आसपास लोकांनीं तें शिकविणें सोडण्याचा विचार मनांत आल्याचें सांगितलें. घड्याला तळाशीं भोंक असतां पाणी ओतणाऱ्यांची संख्या वाढवून काय होणार?

तथापि सरकारांचें लक्ष ओतण्याकडेच अधिक राहिलें, आणि तेंहि कधीं कधीं स्वतःच्याच हातानें आटविलें. ऑन्टेरिओनें २०१५ सालीं शिक्षकांचा अभ्यासक्रम एका वर्षाचा दोन वर्षांचा केला, आणि प्रवेश सुमारें निम्म्यावर आणले. त्या वेळीं एकंदर शिक्षकांची संख्या गरजेहून जास्त होती, म्हणून हा उपाय शहाणपणाचा वाटला. पण फ्रेंचच्या शिक्षकांची टंचाई त्याच्या पोटांत आहे हें कोणीं पाहिलें नाहीं. ब्रिटिश कोलंबियांत २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें वर्गांतील मुलांच्या संख्येवरील जुन्या मर्यादा परत आल्या, शिक्षकांची मागणी एकाएकीं वाढली, आणि फ्रेंचचे शिक्षक मिळविण्याकरितां माणसें थेट युरोपांत पाठविण्याची वेळ आली. २०१९ सालीं राजभाषा-आयुक्तांनींच देशांतील या टंचाईवर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला.

बाहेरून शिक्षक आणावे तर तेथेंहि अडथळे आहेत. फ्रान्स, हैती किंवा आफ्रिकेंतून आलेल्या माणसाचें फ्रेंच उत्तम असतें, परंतु त्याची पदवी प्रांताच्या मंडळास चटकन मान्य होत नाहीं. उलट निमज्जनाच्या शाळेंतच वाढलेला इंग्रजी तरुण सर्व प्रमाणपत्रें मिळवितो, पण आपलें फ्रेंच अस्सल नव्हे, या शंकेनें तो मनांत संकोचलेला असतो. एकास भाषा आहे पण कागद नाहीं. दुसऱ्यास कागद आहे पण धीर नाहीं. या दुसऱ्यासाठीं रेजायना विश्वविद्यालयानें चांगली तोड काढली आहे. तेथील शिक्षण-पदवीचे विद्यार्थी एक वर्ष क्वेबेकमधील लाव्हाल विश्वविद्यालयांत घालवितात. भाषा ज्या गांवांत राहते त्या गांवीं जाऊन राहणें, यासारखा धीर देणारा दुसरा उपाय नाहीं.

शिक्षकाचा हिशेब न करितां धोरण आंखलें म्हणजे काय होतें, याचा धडा न्यू ब्रन्सविकनें दिला. हा देशांतील एकमेव घटनेनें द्विभाषी प्रांत. तेथें २००८ सालीं पहिलीपासूनचें निमज्जन काढून तें तिसरीपासून ठेवण्याचें ठरलें. २०१७ सालीं पुनः पहिलीपासून झालें. आणि नंतर निमज्जनच बंद करून सर्व मुलांस अर्धा दिवस फ्रेंच द्यावें, अशी योजना पुढें आली. कांहीं निवडक मुलांसच उत्तम फ्रेंच कां मिळावें, हा त्या योजनेमागचा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो. परंतु जेथें निमज्जनाच्या वर्गांसच शिक्षक पुरत नाहींत, तेथें सर्वांस पुरतील इतके कोठून आणणार, याचें समाधानकारक उत्तर कोणापाशीं नव्हतें. पालकांच्या सभा गाजल्या, आणि २०२३ च्या फेब्रुवारींत ती योजना मागें घ्यावी लागली. अशा प्रत्येक उलटापालटींत खरी झीज होते ती शिक्षकाची. त्याचे जुने पाठ फुकट जातात, आणि नवे पाठ टिकतील असा भरंवसा उरत नाहीं.

२०२३ च्या जूनमध्यें राजभाषांचा कायदा नव्यानें सुधारून बळकट करण्यांत आला. कायदा उत्तम आहे. पण २०२१ च्या खानेसुमारींत क्वेबेकबाहेर दोन्ही भाषा बोलूं शकणारे लोक शेंकडा साडेनऊच होते, हेंहि विसरतां येत नाहीं. अर्धशतकाच्या खर्चानंतर एवढेंच फळ कां, असें कोणी विचारल्यास आमचें उत्तर असें कीं, पैसा वर्गापर्यंत पोंचला, पण वर्गांतील माणसाचा मान त्या प्रमाणांत वाढला नाहीं. शिक्षक मिळविणें, घडविणें आणि टिकविणें या तीन गोष्टी वेगळ्या नाहींत. जो टिकतो तोच पुढच्यास घडवितो, आणि ज्याचा वर्ग मुलांस आवडतो त्याच्याच विद्यार्थ्यांतून उद्यांचा शिक्षक निघतो.

टोरोंटोकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढेंहि, मुलास निमज्जनाच्या वर्गांत घालावें कीं काय, हा प्रश्न येतो. घरीं मराठी, रस्त्यावर इंग्रजी, आणि शाळेंत फ्रेंच. हा भार मूल उचलील कीं नाहीं, अशी शंका ते विचारतात. सेंट लॅम्बर्टच्या मुलांनीं त्या शंकेस बरेंचसें उत्तर देऊन ठेविलें आहे. मूल पुष्कळ उचलतें. आमचा त्या आईबापांस एवढाच सल्ला कीं, शाळेची कीर्ति विचारण्यापूर्वीं तेथील फ्रेंचचा शिक्षक त्या शाळेंत किती वर्षें आहे, आणि त्यास स्वतःची खोली आहे कीं नाहीं, हें आधीं विचारावें.