‘ग्लॅमर’ : एका स्कॉट्स शब्दाचा अर्थप्रवास

‘ग्लॅमर’ हा शब्द आज मराठीतही रूपेरी पडद्याभोवतीचे वलय सूचित करतो. तथापि तो मूळचा स्कॉट्स भाषेतील असून ‘ग्रामर’ म्हणजे व्याकरण या शब्दाचेच रूपांतर होय. दोन रकारांपैकी पहिल्याचा लकार झाला, हे विषमीकरण ध्वनिशास्त्रास अपरिचित नाही. खरा प्रश्न अर्थाचा आहे.

ग्रीक ‘ग्रामा’ म्हणजे अक्षर. मध्ययुगीन युरोपात व्याकरण म्हणजे लॅटिनचे अध्ययन आणि लॅटिन म्हणजे सर्व विद्येचे द्वार. निरक्षर जनांस विद्वानाची पोथी आणि मांत्रिकाची पोथी यांत भेद कसा करता यावा? फ्रेंचमध्ये त्याच मूळ शब्दापासून ‘ग्रिम्वार’, म्हणजे जादूची पोथी, हा शब्द सिद्ध झाला. इंग्रजीतील ‘ग्रॅमरी’ हा शब्दही विद्येकडून मंत्रविद्येकडे वळला.

स्कॉट्स शब्दाचे वैशिष्ट्य याहून निराळे आहे. १८व्या शतकाच्या पूर्वार्धात ॲलन रॅम्झी याने आपल्या कवितांच्या शब्दसूचीत त्याचा अर्थ दिला तो दृष्टिभ्रमाचा. सैतान, चेटके व जादूगार प्रेक्षकांच्या डोळ्यांवर ‘ग्लॅमर’ टाकतात, असा तेथील वाक्प्रचार आहे. आपल्याकडील गारुड्याची ‘नजरबंदी’ ती हीच. वस्तू बदलत नाही, पाहणाऱ्याची दृष्टी बांधली जाते.

रॉबर्ट बर्न्स याने १७८९ मध्ये पुराणवस्तुसंग्राहक कॅप्टन ग्रोस याच्यावरील विनोदी कवितेत ‘ग्लॅमर’ आणि ‘ग्रामर’ यांचेच यमक जुळविले. तेथे व्याकरणही नरकातील काळ्या विद्येचेच आहे. वॉल्टर स्कॉट याच्या १८०५ मधील ‘द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रेल’ या काव्यात खुजा सेवक मांत्रिकाच्या ग्रंथातील एकच मंत्र वाचू शकतो, आणि तो असतो ‘ग्लॅमर’चा. ग्रंथ, वाचन आणि भ्रम यांचा जुना संबंध येथे कथानकातच उतरला आहे. स्कॉटच्या लोकप्रियतेमुळे हा शब्द इंग्रजी साहित्यात रूढ झाला.

१९व्या शतकात त्यास ‘मोहक परंतु फसवी शोभा’ हा अर्थ आला व २०व्या शतकात चित्रपटसृष्टीने केवळ मोहकता शिल्लक ठेवली. म्हणून ‘व्याकरणातून सौंदर्य निघाले’ हे चमत्कृतिपूर्ण विधान अपुरे ठरते. विद्या आणि सौंदर्य यांना जोडणारा दुवा दृष्टिभ्रमाचा आहे. तो वगळल्यास अर्थपरिवर्तनाची संगती लागत नाही. मराठीने हा शब्द घेतला तो प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यावर. त्याचा मूळ स्कॉट्स अर्थ मात्र मराठीत ‘नजरबंदी’ हाच शब्द अधिक नेमकेपणाने सांगतो.