एका गादीचे चार वारस

नगरच्या भुईकोट किल्ल्याचा जुना मातीचा कोट पाडून हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ च्या दरम्यान दगडी तट चढवला. भोवतीच्या रुंद खंदकाकाठी उभं राहिलं, की हा किल्ला बाहेरच्या कुणाला मिळेल असं वाटत नाही. खरं सांगायचं, तर नगरचा घात बहुतेक वेळा आतल्यांनीच केला.

१५९५ मध्ये इब्राहिम निजामशहा विजापूरकरांशी लढताना पडला. मागे तान्हा बहादूर. वजीर मियाँ मंजूने त्याला जुन्नरजवळच्या चावंडवर अडकवलं आणि निजामशाही रक्ताचा म्हणून अहमद नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला गादीवर बसवलं. ते पोरगं शाही घराण्यातलं नाही, अशी बोलवा झाली, तसे हबशी सरदार बिथरले. त्यांच्यातल्या इखलासखानाने बाजारातलं मोती नावाचं एक पोर आणून तोच खरा वारस म्हणून उभा केला. दुसरा हबशी सरदार अभंगखान विजापूरच्या सरहद्दीवर सत्तरी ओलांडलेल्या शाह अलीला घेऊन बसला. हुसेन निजामशहाची लेक चांदबीबी मात्र बहादूरच्या हक्कावर अडून राहिली. एक गादी, चार निशाणं.

इखलासखानाने किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा मंजूने गुजरातेत असलेल्या अकबराचा मुलगा शहजादा मुराद याला बोलावणं धाडलं. वेढा मोडला आणि मंजू पस्तावला, पण मोगल निघाले होते. किल्ला चांदबीबीवर सोडून तो अहमदला घेऊन निघून गेला. डिसेंबरात मुराद आला. आतल्यांनी काही सुरुंग शोधून रिकामे केले, तरी १५९६ च्या फेब्रुवारीत एक उडालाच. तटाला खिंडार पडलं. चांदबीबी चेहऱ्यावर बुरखा आणि हातात तलवार घेऊन तिथे उभी राहिली. रात्रीतून भिंत पुन्हा उभी केली गेली. वऱ्हाड देऊन तह झाला, विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाने मध्यस्थी करून अहमदला आपल्याकडे ठेवून घेतलं, बहादूर गादीवर आला. फुटलेलं नगर एका निशाणाखाली आलं. मला या शहराच्या इतिहासातला हा सर्वांत अभिमानाचा क्षण वाटतो.

चार वर्षंच टिकला तो. १६०० मध्ये पुन्हा मोगली वेढा पडला. बहादूरसह सुखरूप बाहेर पडता येत असेल तर किल्ला द्यावा, असं चांदबीबीला वाटत होतं. किल्ल्यातल्याच हमीदखानाने फितुरीची ओरड उठवली आणि ज्यांच्यासाठी ती लढली त्यांनीच तिला मारलं. लगोलग ऑगस्टमध्ये किल्ला पडला. बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. पुढे निजामशाहीचा हबशी सरदार मलिक अंबर याने नगर परत मिळवलं, तेही थोड्या वर्षांसाठीच. आतला घात नंतरही चुकला नाही: १७५९ मध्ये हैदराबादच्या निजामाचा किल्लेदार कवीजंग याने पैसे घेऊन किल्ला पेशव्यांना दिला.

शहराच्या पूर्वेला, पाथर्डी रस्त्याकडच्या शहा डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली इमारत आहे. ती मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर. तिथे मोती, अहमद, शाह अली ही नावं कुणाच्या ओठी येत नाहीत, सलाबतखानाचंही क्वचितच. नगरकर तिला पिढ्यान् पिढ्या चांदबीबी महालच म्हणत आले आहेत.