ठराव, तळे आणि मस्टर

हिशेब मागणे हे शिकलेल्यांचे काम, हा समज आपल्या वस्त्यांत रुजवला गेला आहे. इतिहास नेमका उलट आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव संमत करून घेतला. सरकारी निधीतून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. त्याचा पाया दयेचा नव्हता. तिजोरी सर्वांची, म्हणून पाणी सर्वांचे, हा रोकडा न्याय त्यात होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, पण केवळ दप्तरात. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेबांसह हजारोंनी तळ्यावर जाऊन ओंजळ भरली, तेव्हा त्या कागदाची जागेवर तपासणी झाली.

शहापूर-मुरबाडचा प्रश्न याच परंपरेतला आहे. शहापूर तालुक्यातले तानसा, भातसा मुंबईची तहान भागवतात आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. दप्तरात नळयोजना पूर्ण आणि पाड्यावर नळ कोरडा असेल, तर खरे कोण, हे कोणी ठरवायचे?

रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. माती किती निघाली, सोबत कोण होते, हे मजुराला ठाऊक असते. मस्टरवरचे खोटे नाव त्याच्याइतके कोण ओळखणार? २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला. त्याच वर्षीच्या माहिती अधिकाराने कागद मागता येतो, कामाची पाहणी करता येते, साहित्याचा नमुनाही घेता येतो. शहापूर तालुका आणि मुरबाडमधली काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे पंचायतीला खर्चाच्या विनियोगाचा दाखला ग्रामसभेकडूनच घ्यावा लागतो.

पण कायदा आपोआप बोलत नाही. मस्टरवर नाव घालणाऱ्याच्याच हाती उद्याचे काम असते. एकट्याने विचारले, तर त्याची चूल विझते. म्हणून मस्टर भरसभेत मोठ्याने वाचून घ्यावे, दाखल्यावर अंगठा उठवण्याआधी सर्वांनी मिळून कामाच्या जागी जावे. महाडलाही कोणी एकटे गेले नव्हते.